तिएर गावचे वस्तरे

वस्तरे जमवण्याचा छंद आहे म्हटलं, की समोरचा माणूस नकळत मागे सरकतो. पण जुन्या फ्रेंच वस्तऱ्यांचे शौकीन जगभर आहेत, आणि त्यांच्या तोंडी एका गावाचं नाव हमखास असतं: तिएर.

मध्य फ्रान्समधल्या डोंगराळ ओव्हेर्न्य भागात, द्युरोल नदीकाठी हे गाव आहे. मध्ययुगापासून इथे चाकू-सुऱ्या घडतात. नदीच्या पाण्यावर दगडी चाकं फिरत आणि धार लावणारे त्या चाकांच्या वर, फळीवर पालथे पडून, पातं दगडाला टेकवत. दिवसभर! खालून पाण्याचा गारठा. म्हणून पायांवर कुत्रा बसवायचे, ऊब यावी म्हणून. दगडाच्या चिखलाने पोट पिवळं होई, तेव्हा लोक त्यांना ‘पिवळपोटे’च म्हणू लागले.

फ्रान्समध्ये वस्तऱ्याचा विचारही बारकाईने झाला. पॅरिसचे कारागीर ज्याँ-झाक पेरे यांनी 1769 मध्ये स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर पुस्तकच लिहिलं. सुताराच्या रंध्यावरून सुचलेला, पात्याला लाकडी आडोसा असलेला वस्तराही त्यांनी बनवला.

आता संग्राहकाचं बोलू. नवखा माणूस मुठीला भुलतो. शिंग, कासवाची पाठ, हस्तिदंत. माझ्या मते वस्तरा पाहावा तो पात्यात. पात्याच्या दोन्ही बाजू चाकावर घासून खोलगट करतात. चाक जितकं लहान, तितकी खोली जास्त. असं पातळ पातं दाढीवर चालताना बारीक किणकिणतं. 1884 पासून चालत आलेल्या तिएर-इसार या कारखान्याने तर आपल्या पोलादाला ‘कार्बनसाँग’ असंच नाव दिलंय.

पात्याची पाठ जरूर बघा. धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात, त्यामुळे पाठीवर सपाट पट्टा पडतो. तो रुंद असेल तर वस्तरा फार झिजलाय. पट्टा एका टोकाला रुंद, दुसऱ्याला अरुंद असेल, तर धार लावणाऱ्याचा हात कच्चा होता. आणि पातं आरशासारखं लख्ख, पण त्यावरचं नाव पुसट? मग ते यंत्रावर घासून विकायला काढलंय. त्यापेक्षा काळसर डागाचं पातं बरं.

वापरून झाल्यावर पातं कोरडं करा, तेलाचा हात फिरवा. आणि हस्तिदंती मूठ कितीही आवडली तरी मोह आवरा. भारतात हस्तिदंताच्या व्यापाराला कायद्याने बंदी आहे.