बाटलीवरचं नाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



महाबळेश्वरच्या डोंगरात आमची लहानशी वाडी आहे. घरची जमीन दोन एकर, तीही उताराची. त्यात नाचणी, थोडी स्ट्रॉबेरी, परसात भाजी आणि बांधावरच्या झाडांच्या सावलीत मधमाश्यांच्या चौदा पेट्या. घराच्या ओटीवर एक बाकडं मांडलं आहे. त्यावर मधाच्या बाटल्या, नाचणीचं पीठ, करवंदाचं लोणचं आणि हंगाम असेल तेव्हा स्ट्रॉबेरी. हेच आमचं दुकान.

या बाकड्यापाशी येणारा दहातला आठवा माणूस तरी एकच प्रश्न विचारतो, "मावशी, मध शुद्ध आहे ना?" मी हो म्हणते. न म्हणणारा दुकानदार कुणी पाहिलाय का? म्हणून आज मी नुसतं हो न म्हणता जरा सविस्तर सांगणार आहे.

आमच्या पेटीत सातेरी माशी असते. ही आपल्या डोंगरातलीच. आग्या माशी उंच झाडावर, कड्यावर उघड्यावर पोळं करते, ती पेटीत राहत नाही. सातेरीला अंधार लागतो. पूर्वी ती झाडाच्या ढोलीत सापडायची आणि लोक पोळं कापून पिळायचे. त्यात मधाबरोबर अंडी-पिल्लंही चिरडली जायची, वसाहत मोडायची. पेटीत खाली पिल्लांचा कप्पा आणि वर मधकोठी असते. मधकोठीच्या चौकटी काढायच्या, मेणाची झाकणं सुरीनं उतरवायची आणि चौकटी यंत्रात घालून फिरवायच्या. मध बाहेर पडतो, पोळं शाबूत राहतं, माशी पुन्हा त्यातच मध भरते.

फुलातला रस पाण्यासारखा पातळ असतो. माश्या तो पोळ्यात साठवतात आणि पंखांनी वारा घालून आटवतात. पुरेसा आटला की घरावर मेणाचं झाकण लावतात. ते झाकण म्हणजे माशीनं दिलेला दाखला. चौकटीतली निदान तीन चतुर्थांश घरं झाकलेली असल्याशिवाय मध काढायचा नाही, हे आमच्या सासऱ्यांनी, आबांनी, मला लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात शिकवलं. घाईनं काढलेल्या मधात पाणी जास्त राहतं आणि तो आंबतो.

आमचा मुख्य हंगाम उन्हाळ्यात. जांभूळ फुललं की माशीला उसंत नसते. जांभळाचा मध गडद आणि किंचित कडसर लागतो. गेळा, हिरडा, पिसा ही झाडंही आहेत. सात वर्षांनी कारवी फुलते, त्या वर्षाची गोष्टच वेगळी. म्हणून दरसाल आमचा मध एका रंगाचा नसतो.

मग पाऊस येतो. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. महिना महिना सूर्य दिसत नाही, माशीला बाहेर पडता येत नाही. तेव्हा तिला जगवायला आम्ही पेटीत साखरेचा पाक ठेवतो. ही गोष्ट मधवाले सहसा गिऱ्हाइकाला सांगत नाहीत, पण ती लपवण्यासारखी नाही. तो पाक माशीच्या पोटासाठी असतो. त्या दिवसांत मध काढायचा नाही, एवढंच पाळायचं. म्हणजे साखर आमच्याही घरात असते. ती पेटीत जाते की बाटलीत, एवढाच काय तो प्रश्न.

श्रोतेहो, आता मुद्द्याचं सांगते.

२०१८ सालच्या उन्हाळ्यात आमच्या वाडीवर जांभूळ ऐन फुलात असताना वळीव कोसळला. सगळा मोहोर जमिनीवर. चौदा पेट्यांतून मिळून अकरा किलो मध निघाला आणि पुण्याच्या गिऱ्हाइकांना आम्ही तीस किलो कबूल करून बसलो होतो. त्याच वर्षी मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. बाजारात एका व्यापाऱ्याकडे तयार मधाचा डबा मिळत होता. आमचे हे म्हणाले, "मधच आहे ना? माशीनंच केलाय." मी गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे होकारच. डबा आला. आम्ही तो बाटल्यांत भरला आणि वर आमच्या गावाचं नाव असलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. चिठ्ठ्या मी चिकटवल्या, माझ्या हातांनी.

आबांनी चमच्यावर घेऊन चाटला. म्हणाले, "गोड आहे, सूनबाई. पण ह्यात आपलं रान नाही." पुढं काही बोलले नाहीत.

बाटल्या गेल्या, पैसे आले, फी भरली. कुणाचीही तक्रार आली नाही. उलट थंडीत पुण्याहून एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. ते आमचं जुनं गिऱ्हाईक. दरवर्षी त्यांची एक तक्रार असायची की मध तळाशी रवाळ होतो. त्या दिवशी म्हणाले, "मावशी, यंदाचा मध फार छान. अजून काचेसारखा आहे!" मी फोन ठेवला आणि चुलीपाशी जाऊन बसले. शिवी परवडली असती, ही शाबासकी नको होती.

ह्यांना म्हटलं, सगळ्यांना सांगून पैसे परत करायचे. ते चिडले. "कुणाला कळलंय का? आणि पैसे कुठून आणणार?" त्यांचंही खोटं नव्हतं. दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाइकांची वही घेऊन ओटीवर बसले आणि म्हणाले, "नंबर सांग." बावीस फोन केले. पैशांसाठी बचत गटातून कर्ज काढलं, ते फेडायला दीड वर्ष लागलं. चार गिऱ्हाइकं पुन्हा आली नाहीत. त्यांचा आमच्यावर राग असेल, तर तो रास्तच आहे.

मास्तर मात्र थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी मध नसला तर नाही म्हणा. मी नाचणी घेईन."

आमच्यासारख्या लहान शेताचं सगळं गणित या एका वाक्यात आहे. आम्ही कारखाना नाही. एका वर्षी मध बुडेल, नाचणी तारेल. नाचणीला पाऊस लागला तर लोणचं चार पैसे देईल. तेव्हापासून आम्ही नाही म्हणायला शिकलो. बाटलीवरच्या चिठ्ठीवर आता गावाबरोबर मध काढल्याचा महिना आणि कोणत्या फुलाचा हंगाम होता तेही लिहितो.

डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेनं जाहीर केलं की तपासलेल्या १३ ब्रँडपैकी १० ब्रँडचा मध परदेशातल्या एका खास चाचणीत उतरला नाही. कंपन्यांनी ते मान्य केलं नाही. पण ओटीवर येणारे लोक मला म्हणू लागले, "आता तुमचाच मध खरा." मला त्याचा आनंद झाला नाही. लहान आहे म्हणून कुणी प्रामाणिक होत नसतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

२०२२ साली आमच्याच तालुक्यातलं मांघर हे देशातलं पहिलं 'मधाचं गाव' झालं. आता मधासाठी मुद्दाम वाट वाकडी करून माणसं डोंगरात येतात. त्यांच्यासाठी तीन गोष्टी सांगते.

पहिली, घरगुती परीक्षांवर विसंबू नका. पाण्यात थेंब सोडणं, काडी पेटवणं, कुत्र्यापुढं ठेवणं, यानं काही सिद्ध होत नाही. भेसळ प्रयोगशाळेतच कळते. दुसरी, मध रवाळ झाला म्हणजे साखर घातली असं नाही. रवा धरणं हा मधाचा स्वभाव आहे. बाटली कोमट पाण्यात ठेवा, विस्तवावर नको. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, मग तो कितीही शुद्ध असो. तिसरी, विकणाऱ्याला फुलं विचारा, महिना विचारा, पेट्या दाखव म्हणा. ज्याच्याकडे पेट्या आहेत त्याला राग येणार नाही.

आणि शेजारच्या शेतकरी बंधूंना एक विनंती. फवारणी सकाळी फुलांवर करू नका, संध्याकाळी माशी घरी परतल्यावर करा. माशी गेली तर माझा मध जाईलच, पण तुमची स्ट्रॉबेरीही वेडीवाकडी धरेल.

आबा आता नाहीत. पण अजूनही हंगामातली पहिली बाटली भरली की आम्ही दोघं आधी चमच्यावर घेऊन चाटतो. रान लागलं जिभेला, तरच चिठ्ठी चिकटवतो.