इशारा: रंगाचा कीं शब्दांचा?

पावसाळ्यांत अंधेरीच्या गृहिणीस मुलाला शाळेंत धाडावें कीं नाहीं, हें घटकाभरांत ठरवावयाचें असतें. हवामान खात्याचा रंग तिला तत्काळ उमगतो: पिवळा, लक्ष ठेवा, नारिंगी, सज्ज रहा, लाल, कृति करा. ‘अत्यंत मुसळधार’ या शब्दांमागें २०४ मिलिमीटरांहून अधिक पाऊस दडला आहे, हें, श्रोतेहो, किती जणांस ठाऊक असेल? तथापि रंग भेद पुसून टाकतो. २६ जुलै २००५ च्या प्रलयांत चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्यास अवघा ७३! साऱ्या मुंबईस एकच रंग माखला असता, तर हा फरक कोणास दिसला असता? लाल रंगानें पाऊल थबकतें खरें. परंतु मिठी नदीकांठच्या रहिवाशास भरतीची वेळ शब्दांतच शोधावी लागते.