शनिवारचे गाणे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



१९८०-८१ची गोष्ट. गणपतीच्या मांडवात आरती आटोपली, की 'कुर्बानी'तले 'आप जैसा कोई' लागायचे. आमच्या गल्लीतले एक आजोबा तेवढ्यापुरती खिडकी बंद करून घ्यायचे. ते गाणारी नाझिया हसन तेव्हा शाळकरी वयाची होती. १९८१ मध्ये तिची 'डिस्को दीवाने' आली आणि खिडक्या बंद करूनही काही उपयोग होईना.

आज मी बोलणार आहे ते मात्र नाझियाविषयी नव्हे. १९८२ मध्येच आणखी एक डिस्को ध्वनिमुद्रिका निघाली होती. गायिका कोलकात्याच्या, नाव रूपा बिस्वास. मुद्रिकेचे नाव 'डिस्को जॅझ'. तुम्ही हे नाव ऐकले नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका. तेव्हा खुद्द कोलकात्यातही ते फारसे कोणी ऐकले नव्हते.

रूपाताई गीते आणि गझला गाणाऱ्या. कॅनडातल्या कॅल्गरी शहरात त्या भावाकडे गेल्या होत्या. तिथे त्यांचा एक कार्यक्रम झाला. त्यांचे गाणे सरोदवादक आशीष खाँ यांच्या कानावर पडले. आशीष खाँ म्हणजे बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचे नातू, अली अकबर खाँ यांचे चिरंजीव. एवढे मैहरचे घराणे पाठीशी असूनही ते सोवळे पाळणारे नव्हते. १९७१ मध्ये झाकिर हुसेन यांच्यासोबत 'शांती' नावाच्या वाद्यवृंदात त्यांनी इलेक्ट्रिक गिटारच्या बरोबरीने सरोद वाजवला होता. त्यांनी ही मुद्रिका करायला घेतली. तबल्यावर त्यांचे बंधू प्राणेश खाँ. ड्रम, गिटार, सिंथेसायझर वाजवणारे कॅनडातले वादक.

गाणी फक्त चार, पण लांबलचक. चित्रपटातल्या तीन-साडेतीन मिनिटांची सवय असलेल्या कानाला पहिल्यांदा वाटते, हे संपणार तरी कधी? खरे सांगायचे तर एक-दोन ठिकाणी मलाही अजून तसे वाटते. पण याच ऐसपैसपणामुळे वादकांना जागा मिळते. डिस्कोच्या ठेक्याची अडचण अशी, की त्याला खाली नसते. प्रत्येक मात्रेवर सारखाच जोर. वीट रचावी तशी मात्रेवर मात्रा. तबला आत शिरला, की त्या सपाट चालीला वळणे येतात. आणि सरोदाच्या पट्टीवर तर पडदेच नसतात. पोलादी पट्टीवरून बोट घसरत जाते आणि दोन सुरांमधली वाट ऐकू येते. ठेका सांगतो, चला, उचला पाय. सरोद म्हणतो, थांबा जरा. ही ओढाताण मला या मुद्रिकेचे मर्म वाटते.

या सगळ्यात रूपाताई कशा गातात? तर डिस्को गायिकेसारख्या मुळीच नाही! 'आज शनिबार' हे बंगाली गाणे ऐका. नावाचा अर्थ सरळच आहे, आज शनिवार. आवाजात कुठेही लाडिक उसासे नाहीत की विलायती हेल नाहीत. घरच्या बैठकीत गीत गावे तसा मऊ, किंचित अलिप्त सूर. खाली बेस गिटार नाचते आहे आणि वर ही बाई आपल्याच तंद्रीत आहे. हा सूर कोणी घासूनपुसून 'आधुनिक' केला नाही, हे आपले भाग्य.

मेगाफोन या कोलकात्याच्या जुन्या कंपनीने मुद्रिका काढली. अख्तरीबाई फैजाबादी, म्हणजे पुढच्या बेगम अख्तर, यांच्या तबकड्या काढणारी ही कंपनी. तिथल्या जुन्या गिऱ्हाइकाला यात त्याचे गाणे सापडले नसावे, आणि नाचणाऱ्या पोरांना हवा असलेला चित्रपट यामागे नव्हता. मुद्रिका खपली नाही. रूपाताई संसारात रमल्या. तो प्रयोग फसला, असेच त्या धरून चालल्या.

पुढे काय झाले ते त्यांना खूप उशिरा कळले. इंटरनेटवर हे गाणे हातोहात फिरत होते, परदेशातले संग्राहक मूळ तबकडीला मोठी किंमत मोजत होते. घरात याचा पत्ता नव्हता. मुलाने सहज आईच्या त्या जुन्या मुद्रिकेचे नाव शोधून पाहिले, तेव्हा हा प्रकार उघड झाला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यूमेरो ग्रुप या कंपनीने ती रीतसर पुन्हा प्रकाशित केली.

मधली ३७ वर्षे मला टोचतात. आज कौतुक होते आहे, छान आहे. पण १९८३ साली दुसरी मुद्रिका करा असे कोणी म्हटले असते, तर त्या काय गायल्या असत्या? त्या गाण्यांना कोणी संग्राहक कितीही पैसे मोजायला तयार झाला, तरी ती कुठून आणणार? ती झालीच नाहीत.

आशीष खाँ २०२४ मध्ये गेले. त्यांच्या रागदारीविषयी पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. कॅल्गरीतल्या या उद्योगालाही त्यात दोन ओळींची जागा मिळावी, असे मला वाटते.

असो. माझे बोलणे पुरे. आता 'आज शनिबार' ऐकू या. सरोद सुरू झाला, की आवाज थोडा वाढवा. शेजारचे खिडकी बंद करतील, करू द्या.