त्या मुलांचं काय राहून गेलं?



भयपटाचा विषय निघाला की आपल्याकडे कॅमेरा, आवाज, रंगभूषा यांवर पुष्कळ बोललं जातं. मी आज पडद्यावरच्या मुलांबद्दल बोलणार आहे. ज्यांना बघून मोठी माणसं घाबरतात, त्या मुलांबद्दल.

हॉलिवूडने अशा मुलाचा एक साचा पक्का केला. 'द बॅड सीड' (१९५६) मधली ऱ्होडा वेणीफणी केलेली, मोठ्यांशी अदबीनं वागणारी पोर. ती खून करते, आणि तिच्यात हे आजीच्या रक्तातून आलं असं चित्रपट सांगतो. मूळ कादंबरीत ती जिवंत राहते. पण तिथल्या तेव्हाच्या सेन्सॉर-नियमांना गुन्हेगार सुटलेला चालत नसे, म्हणून पडद्यावर तिच्या अंगावर वीज पडते. तेवढ्यानंही भागलं नाही. शेवटी कलाकारांची ओळख करून देताना आईचं काम केलेली नटी तिला मांडीवर पालथं घालून चापट्या मारते! पुढे 'द ओमेन' (१९७६) मध्ये मूल थेट सैतानाचंच निघालं. दोष मुलाच्या जन्मातच आहे म्हटलं, की बाकी कुणाला काही विचारायचं उरत नाही.

त्याच १९७६ साली, हुकूमशहा फ्रँकोच्या मृत्यूला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, स्पेनमध्ये नार्सिसो इबान्येस सेर्रादोर यांचा एक चित्रपट आला. त्याच्या नावाचा अर्थच 'मुलाला कोण मारू शकेल?' असा. एका बेटावरची मुलं तिथल्या मोठ्या माणसांना मारून टाकतात, हसत-खेळत. पण गोष्ट सुरू होण्याआधी कितीतरी मिनिटं आपल्याला खऱ्या वृत्तचित्रफिती बघाव्या लागतात: ऑश्वित्झ, कोरिया, व्हिएतनाम, नायजेरिया. युद्ध मोठ्यांनी केलं, मेली मुलं. हे बघून झाल्यावर बेटावरच्या मुलांना नुसतं दुष्ट म्हणण्याची सोय उरत नाही.

जपानने हेच घरात आणलं. 'जु-ऑन'मधला निळसर-पांढरा तोशिओ मांजराच्या आवाजात ओरडतो. त्याला बापानं मारलेलं आहे. पण माझ्या मते या सगळ्यांत थोर चित्रपट हिदेओ नाकाता यांचा 'डार्क वॉटर' (२००२). घटस्फोटाच्या खटल्यात मुलीचा ताबा टिकवायला धडपडणारी योशिमी एका जुनाट इमारतीत राहायला येते. छत गळतं. फेकून दिलेली लाल पिशवी पुन्हा पुन्हा समोर येते. ती पिशवी मित्सुकोची. आईनं टाकलेली ही बालवाडीतली मुलगी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत पडून मेली आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला लहानगी योशिमीही शाळेत एकटी, न्यायला येणाऱ्याची वाट बघत असते. म्हणून मित्सुकोला काय हवंय ते तिला समजतं. तिला आई हवी आहे. पोटच्या मुलीला वाचवायचं तर या मुलीची आई व्हायचं, हा निर्णय योशिमी घेते तेव्हा माझी भीती जाते आणि घशात आवंढा येतो. त्या जागी मंत्रतंत्राचा शेवट असता, तर हा चित्रपट मी केव्हाच विसरलो असतो.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मुंज झाल्यावर, लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याचं आयुष्य अर्धं राहिलं, म्हणून तो आहे. 'मुंज्या' (२०२४) या हिंदी चित्रपटाने त्यातली गंमत जास्त घेतली. मला त्यातलं दुःख अधिक हवं होतं. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) मात्र थेट दुखऱ्या जागी बोट ठेवतो. उसाच्या फडातल्या एकाकी घरात गरोदर नेहा येते, तिला मुलांच्या खेळाचा भास होतो, आणि हळूहळू उलगडतं की इथे जन्मलेल्या मुलींना जगू दिलेलं नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा कायदा याच राज्याने १९८८ साली, देशाच्या आधी केला होता. हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला तो ऊस नुसता ऊस दिसत नाही.

या संमेलनाच्या उद्याच्या सत्रात तरुण पटकथाकार आपल्या संहिता वाचणार आहेत. त्यांत जिथे जिथे भूत झालेलं मूल असेल, तिथे मी थांबवून विचारणार आहे: त्याचं नाव काय, ते कशानं गेलं, आणि तेव्हा घरात कोण कोण होतं? उत्तरं तयार ठेवा. चर्चेला तिथूनच सुरुवात करू.