चोवीस चित्रं, एक सेकंद
(तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



ॲनिमेशन म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं उंदीर-मांजर येतं. पोराटोरांची करमणूक. मी त्याबद्दल बोलणार नाही. मी मजुरीबद्दल बोलणार आहे.

हिशेब सोपा आहे. पडद्यावरचा एक सेकंद म्हणजे चोवीस चित्रं. एक मिनिट म्हणजे १,४४०. दहा मिनिटं म्हणजे १४,४००. एकेक चित्र दोन-दोनदा टिपून काटकसर केली, तरी ७,२०० वेळा हात चालवावा लागतो. मी गोदीत माल उचलणारा माणूस. म्हणून मला पहिला प्रश्न हाच पडतो, की हे ओझं उचलतं कोण?

मोठ्या स्टुडिओत ते वाटून देतात. एक जण मुख्य चित्रं काढतो, दुसरा मधली भरतो, कुणी शाई मारतं, कुणी रंग लावतं. पाटी मात्र एकाच्याच नावाची. १९४१ साली अमेरिकेत वॉल्ट डिस्नेच्या कामगारांनी संप केला. मागण्या काय होत्या? पगार, युनियन, आणि पडद्यावर नाव. हसऱ्या उंदरामागं पिकेटिंग चाललं होतं, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

स्वतंत्र ॲनिमेटर म्हणजे हे सगळं ओझं स्वतःच्या खांद्यावर घेणारा. आणि त्याची शैली आभाळातून पडत नाही. हाताशी जे आहे, त्यातूनच ती निघते.

जर्मनीची लोटे रायनिगर बघा. जन्म १८९९. तिच्याकडं कात्री आणि काळा कागद. त्यातून माणसं कापायची, सांधे तारेनं जोडायचे, खालून उजेड सोडलेल्या काचेवर ठेवायची आणि केसभर हलवून एकेक चित्र टिपायचं. अशी तीन वर्षं राबून १९२६ साली तिनं ‘प्रिन्स अखमद’चा पूर्ण लांबीचा सिनेमा पडद्यावर आणला. डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’च्या अकरा वर्षं आधी. तोंडावर डोळे नाहीत, हसू नाही, नुसती काळी आकृती. तरी मान कलली की दुःख कळतं. सावल्यांचा खेळ आशियात जुनाच. आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पिढ्यानपिढ्या नाचवतात. पुढं नाझी आले. ती आणि तिचा नवरा डाव्या विचारांचे. कुठला देश कायमचा ठेवून घेईना. व्हिसा संपला की बिऱ्हाड उचल. कात्री मात्र सुटली नाही.

दुसरा रशियाचा युरी नॉर्स्टाइन. जन्म १९४१. आधी फर्निचरच्या कारखान्यात कामाला, मग सरकारी स्टुडिओत. बायको फ्रान्सेस्का यारबुसोवा चित्रं काढते, हा ती हलवतो. १९७५ च्या ‘धुक्यातला साळू’मध्ये त्यानं धुकं कसं केलं माहितीय? चित्रावर एक पातळ कागद धरला आणि एकेक फ्रेमला तो कॅमेऱ्याकडं हळूहळू उचलत नेला. खालचं चित्र पांढुरकं होत गेलं. झालं धुकं! यंत्र नाय, तंत्र नाय.

१९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये जाणकारांनी त्याचा ‘कथांची कथा’ हा आजवरचा सर्वोत्तम ॲनिमेशनपट म्हणून निवडला. आणि १९८५ साली स्टुडिओनं त्याला काढून टाकलं. गुन्हा काय? काम हळू करतो. दोन वर्षांत दहाच मिनिटं केली! तो सिनेमा गोगोलच्या ‘ओव्हरकोट’वर. एक गरीब कारकून पोटाला चिमटा घेऊन कोट शिवतो आणि तो चोरीला जातो, एवढीच गोष्ट. १९८१ ला सुरू केलेला हा सिनेमा अजून अपुराच आहे. मुकादमाच्या घड्याळात माणसाचं दुःख बसत नाही, ही त्यातली खरी भानगड आहे.

तिसरा दक्षिण आफ्रिकेचा विल्यम केंट्रिज. हा कोळशानं चित्र काढतो. दर फ्रेमला नवा कागद घेत नाही. त्याच कागदावर पुसतो, बदलतो, पुन्हा टिपतो. पण कोळसा पुरता पुसला जात नाही. मागं काळपट डाग राहतोच. वर्णद्वेषाच्या राज्यात गोऱ्यांनी जे जे पुसलं, त्याचा डाग कागदावरून जात नाही. शैलीच साक्ष देते. १९९१ च्या ‘माइन’मध्ये खाणमालक पलंगावर बसून कॉफी घेतोय. तो कॉफीच्या भांड्याचा दट्ट्या खाली दाबतो. दट्ट्या पलंग फोडून, जमीन फोडून जातो थेट खाणीत, मजूर जिथं दाटीवाटीनं झोपतात तिथं. एका दट्ट्यात सगळी अर्थव्यवस्था!

पण इथंच मी थांबतो. केंट्रिज गोरा, वकिलाच्या घरातला. भल्या वकिलाच्या, वर्णद्वेषाविरुद्ध कोर्टात लढलेल्या. तरी त्याच्या सिनेमात मालकाला नाव आहे, खाणीत झोपलेल्याला नाही. रायनिगरलाही एका बँकरनं पैसा आणि गॅरेजवरची जागा दिली, तेव्हा सिनेमा झाला. कात्री स्वस्त असते, कोळसा फुकट असतो. महाग असतो तो वेळ. तो ज्याच्याकडं आहे, तोच आजवर ‘स्वतंत्र’ झाला. खाणीतला माणूस खाण काढील, तेव्हा दट्ट्या खालून वर येईल.

होणार नाही असं म्हणू नका. आपल्याच मुंबईत गीतांजली राव या बाईनं ‘प्रिंटेड रेनबो’ हाती रंगवला. एकटी म्हातारी, तिची मांजर आणि काडेपेट्यांवरची चित्रं. खोली करडी, काडेपेटीत मात्र सगळे रंग. २००६ साली कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात त्याला पारितोषिकं मिळाली. काडेपेटी कुणाच्या घरात नाही?

कॅमेरा आज प्रत्येकाच्या खिशात आहे. उरला वेळ. तो कुणी देणार नाही, पाळी संपल्यावर झोपेतून ओरबाडून घ्यावा लागेल. मी कविता तशाच लिहितो. आणि एकट्यानं मरायची गरज नाही. दहा जण बसा. प्रत्येकानं चोवीस चित्रं काढायची. २४० चित्रं, दहा सेकंद. ज्याला जे येतं त्यात काढा: कोळसा, कात्री, वाळू, भाकरीचं पीठ. विषय बाहेरून आणू नका. पाठीवरचं पोतं खाली येताना माणसाचं तोंड कसं होतं, तेवढं काढलं तरी पुष्कळ.

फक्त एक करा. अकराव्या सेकंदाला दहाही नावं पडद्यावर आली पाहिजेत.