परमुलखात मांडलेली चूल



कॅरिबियन समुद्रकाठच्या सांतो दोमिंगो शहरात भूमध्यसागरी पदार्थांचे उपाहारगृह काढायचे, तर भांडवलाआधी एक प्रश्न सुटला पाहिजे: मुळातले राखायचे काय आणि सोडायचे काय? ऑलिव्हच्या झाडाला बहर येण्यास हिवाळ्याची थंडी लागते. ती या उष्ण किनाऱ्यावर नाही. तेव्हा तेल जहाजाने यायचे आणि त्याचा भार गिऱ्हाइकावर पडायचा.

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर तेथील रस्त्यावरच सापडते. १९व्या शतकाच्या अखेरीपासून लेबनॉन-सीरियाकडची माणसे तेथे गेली. ती ऑटोमन साम्राज्याची प्रजा, म्हणून लोक त्यांना ‘तुर्क’ म्हणत. भरडलेला गहू आणि खिमा यांचा ‘किब्बे’ त्यांनी नेला. आज तो ‘किपे’ या नावाने हातगाडीवर तळून मिळतो. द्राक्षाच्या पानांत गुंडाळायचा भात-खिमा तेथे कोबीच्या पानांत गेला. पान बदलले, रीत टिकली.

आमचे सांगणे एवढेच: गावात पिकते ते गावातून घ्यावे, हाताची रीत मात्र सोडू नये. सारेच जहाजाने मागवणाऱ्याचे दुकान चार श्रीमंतांची हौस भागवील; ते गावाचे होणार नाही.