भरवशाची दुचाकी

श्रोतेहो, ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही म्हण आपल्याला ठाऊक आहेच. लांबच्या प्रवासाची मोटारसायकल बाळगणाऱ्याने ती गाठीला बांधून ठेवावी. भरवसा गाडीबरोबर दुकानातच मिळतो, अशी पुष्कळांची समजूत असते. दुकानात मिळते ती नुसती गाडी. भरवसा मालकाने वर्षानुवर्षे राखून कमवायचा असतो. तो कसा, एवढेच आज सांगायचे आहे.

उदाहरणाला रॉयल एन्फील्डची ‘हिमालयन’ घेऊ. ही गाडी २०१६ साली आली. इंजिन ४११ सीसीचे, टाकी १५ लिटरची, पुढचे चाक २१ इंची. चाक मोठे असले म्हणजे ते खड्ड्यात अडकत नाही, कडेवरून चढून जाते. म्हणून खडीच्या, फुफाट्याच्या वाटेवर ती चालते. २०२३ च्या अखेरीस कंपनीने नव्या इंजिनाची हिमालयन आणली. तेव्हा जुन्या मालकांपुढे साहजिकच प्रश्न उभा राहतो: ही काढावी की ठेवावी?

माझे सांगणे असे की, आधी वही उघडा. शिक्षक मंडळींना हजेरीपटाची सवय असतेच. गाडीचाही एक हजेरीपट असावा. तारीख, किलोमीटर आणि केलेले काम, बस्स, तीनच रकाने. ऑइल केव्हा बदलले, चेन केव्हा ताणली, एअर फिल्टर केव्हा पाहिला, हे ज्याला वहीतून सांगता येते त्याची गाडी जुनी असली तरी भरवशाची. ज्याला सांगता येत नाही, त्याची नवी गाडीही चार वर्षांत परकी होते.

आता काही गोष्टी कान देऊन ऐका. टॅपेट थोडे वाजते म्हणून आपण कुरकुरतो आणि आवाज बंद झाला की खूश होतो. पण कधी कधी हे उलटे असते, बरे का! फट कमी होत गेली की आवाज थांबतो. मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि तापून जळतो. म्हणून ती फट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीला मोजून घ्यावी. टायरचेही तसेच. नक्षी शाबूत दिसते, पण रबर वयाने कडक झालेले असते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल, तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर समजावा.

सर्वांत दुर्लक्षिलेली वस्तू म्हणजे ब्रेक ऑइल. हे हवेतले पाणी हळूहळू शोषून घेते. गावातल्या गावात त्याचा पत्ता लागत नाही. पण मागे घरचे माणूस, बाजूला सामानाच्या पिशव्या आणि समोर लांबलचक घाट असला की आपण उतारभर ब्रेक दाबून धरतो. डिस्क तापते, त्या उष्णतेने ऑइलातले पाणी उकळते, त्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते. मग ब्रेकची दांडी हाताशी येते, पण गाडी थांबत नाही. हा प्रसंग टाळणे सोपे आहे. दर दोन वर्षांनी ते ऑइल बदलावे. आणि उतार खालच्या गिअरवर, इंजिनाच्या अडवणुकीने उतरावा. घाट ज्या गिअरने चढावा, त्याच गिअरने उतरावा, हा जुन्या ट्रकवाल्यांचा नेम दुचाकीलाही लागू आहे.

प्रवासाला निघताना क्लच वायर, एक ट्यूब, हवा भरायचा पंप आणि आपल्या गाडीला लागणारे पाने बरोबर घ्यावेत. या गाडीची चाके आऱ्यांची, आत ट्यूब असलेली. तेव्हा चाक काढून ट्यूब बदलणे घरच्या अंगणातच एकदा करून पाहावे. आडरानात पहिला धडा गिरवू नये. लडाखकडे कोणी गेला, तर खारदुंग ला सुमारे ५,३५९ मीटर उंच आहे. तिथे हवा विरळ, म्हणून इंजिनाची ताकद कमी वाटते. तो बिघाड नव्हे. उगीच गाडी खोलू नये.

पंधरा वर्षांनी खाजगी गाडीची नोंदणी संपते आणि तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती पुन्हा करून घ्यावी लागते. त्या दिवशी तुमची वही तुमच्या कामी येईल. कुठला भाग केव्हा बदलला आणि आता कशाची पाळी आहे, हे तीच सांगेल. गाडी ठेवावी की काढावी, याचा कौलही तिच्याच पानांवर मिळेल. खर्च दर वर्षी वाढतच चालला असेल, तर बेलाशक काढा. पण शेजाऱ्याने नवी घेतली एवढ्याचसाठी काढू नका.

पोळ्याला आपण बैलाला सजवतो, पण त्याच्या पायाकडे वर्षभर पाहतो म्हणून तो शेतात उभा राहतो. गाडीचेही असेच आहे. दसऱ्याला हार घाला, जरूर घाला. पण चेनीला तेल आणि चाकात हवा वर्षभर असू द्या.